मनगटाला बांधलेलं मंगळसूत्र

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेली शेवटची साधी गोष्ट म्हणजे कोल्हापुरात गंगावेशीत उभं राहून दूध पिणं. गवळ्यानं समोर म्हशीची धार काढून पेले हातात दिले. तिनं फेस फुंकला आणि म्हणाली, "निम्मा पेला फेसच हाय की, मामा. दूध घरात ठेवून आलासा व्हय?" गवळी हसला, वरून आणखी धार मारली. तिच्या ओठावर पांढरी मिशी उमटली. मी सांगितलं नाही, तशीच तिला घरापर्यंत आणली. त्याच आठवड्यात ती अंथरुणाला लागली, ती परत उठली नाही. वय तिशीच्या आतलं.

मी ओतकामाच्या कारखान्यात साचे करणारा माणूस, शिक्षण चौथीपर्यंत. देवाच्या अनुभवाचं लिहिणारे लोक शेवटी सगळं बरं झालं असं लिहितात. माझं तसं नाही. मी म्हातारा झालो तरी आंबाबाईवरचा माझा राग गेलेला नाही, आणि तो झाकून लिहायला मला जमणार नाही.

हे दुखणं तिला पहिल्यांदा झालं तेव्हा संस्थान नुकतंच विलीन झालं होतं आणि ती विशीतली होती. गळ्याला गाठ आली. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, कॅन्सर आहे, महिना-दीड महिना रोज विजेचा शेक द्यावा लागेल. शेक म्हटल्यावर मला वाटलं, निखाऱ्याचा असेल. बघतो तर त्या यंत्राला जाळ नाही, धूर नाही. गळ्यावर जांभळ्या शाईच्या रेघा मारल्या आणि त्या पुसायच्या नाहीत, तिथं पाणी लावायचं नाही असं बजावलं. मग नर्सबाई म्हणाल्या, "गळ्यातलं काढून ठेवा. सोनं आड येतं."

तिनं मंगळसूत्र मुठीत धरलं. "ह्येवडं सोडून काय बी सांगा."

घरातून निघताना माझ्या आईनं तिला दम दिला होता, मोकळ्या गळ्यानं बसलीस तर माझ्या पोराचं काय हुईल? तेच तिच्या डोक्यात बसलेलं. मी ओरडलो, "मी मेलो तर मेलो, काढ ते!" ती मान खाली घालून म्हणाली, "तुमाला कायतरी झालं, तर मी बरी हून काय करू?" शेक न घेता आम्ही रेल्वेनं परत आलो. दुसऱ्या खेपेलाही तसंच. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, आता उशीर केला तर आमच्या हातात काही राहणार नाही.

स्टेशनवरून तिला घरी सोडलं आणि मी तडक देवळात गेलो. हात जोडले नाहीत. देवीसमोर उभा राहून म्हणालो, "तुझ्याच भरवशावर हिनं ते गळ्यात बांधलंय, आणि तेच हिचा जीव घ्यायला लागलंय. माझं डोकं चालत नाही. कर तुला काय करायचं ते." पुजाऱ्यानं वळून बघितलं. बघू दे म्हटलं.

तिसऱ्या खेपेला दवाखान्याच्या बाकावर आमच्या शेजारी शिरोळकडची एक जैन शेतकरीण बसली होती. सगळे तिला अक्का म्हणायचे. तिच्याही गळ्यावर जांभळ्या रेघा. आमचं भांडण सुरू झालं तशी ती माझ्याकडं वळली. "पावणं, तुमच्या वरडण्यानं गाठ जिरती व्हय? मग डाक्टरला घरी बसवू या की!" बाकावरची माणसं हसली. मला तिचा असा संताप आला की काय सांगू. तिनं माझ्याकडं पाठ केली आणि पदराखालचा हात बाहेर काढून हिच्यासमोर धरला. मनगटाला काळ्या दोऱ्यानं मंगळसूत्र गुंडाळलेलं.

"यव्वा, ह्ये बघ. माझा न्हवरा तिकडं उसाला पाणी पाजतोय, रेड्यागत धट्टाकट्टा. तुझी आंबाबाई जगाचं बघती, तिला गळा सोडून मनगट दिसत न्हाय व्हय?"

बायको रडता रडता हसली. दुखणं आल्यापासून पहिल्यांदा. अक्कानं स्वतःच्या दोऱ्यातला तुकडा दातानं तोडला, हिचं मंगळसूत्र काढून मनगटाला बांधलं, दोन गाठी मारल्या आणि म्हणाली, "जा आत."

पुढं बायकोनं एक दिवस चुकवला नाही. गळ्याची कातडी काळी पडली, मानेवरचे केस गेले, पेजेचा घोट गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. घरी आईनं मनगट बघून तोंड वाकडं केलं, आणि मी कधी पडतोय म्हणून महिनाभर माझ्यावरच नजर ठेवून होती. मी पडलो नाही. गाठ गेली. दोनेक वर्षांनी आम्हाला मुलगी झाली.

अक्काचं पुढं काय झालं कळलं नाही. लोक म्हणतात, ती देवीच होती. मी म्हणत नाही. तिच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि तंबाखूचा वास येत होता. पण मी देवीला 'कर' म्हणालो आणि ती बाई त्या बाकावर होती, एवढं मला माहीत आहे.

मग मुलगी पाचेक वर्षांची असताना गाठ परत आली. एकदा शेकलेल्या जागी पुन्हा शेक देता येत नाही म्हणाले. ती दुपारी गेली. जमलेल्या बायका म्हणाल्या, "सवाष्ण गेली, नशीब काढलं." मी ओरडलो, "कसलं नशीब? चला, निघा माझ्या घरातनं!" संध्याकाळी पंचगंगेवर अग्नी दिला. चितेसमोरसुद्धा मी देवीला शिव्या दिल्या. द्यायचीच नव्हती तर मागं कशाला फिरवलीस?

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी फणी घेऊन आली आणि रोज आईपुढं बसायची तशी माझ्याकडं पाठ करून बसली. माझी आई आतून म्हणाली, "सुतकात फणी लावू नये रं." मी म्हणालो, "काय लागायचं ते मला लागू दे," आणि केस सोडले. साचे करणारे हात माझे, बटा धरता येईनात.

"आबा, दुखतंय की."

"हळू करतो."

"आई असं न्हाय करत."

देवीला आणखी काही बोलावं म्हणून तोंड उघडलं, तर शिवी आली नाही. त्या बाकावर अक्का नसती तर ही पाठ माझ्यासमोर नसती. किती द्यायचं ते माझ्या हातात कधी नव्हतंच. मला जेवढं हवं होतं तेवढं देवीनं दिलं नाही. पण दिलं. राग तसाच होता. हात जोडायला मोकळे नव्हते, त्यांत केस होते. पहिली वेणी वाकडी झाली, सोडली. दुसरी सैल पडली. तिसरी जरा बरी बसली, तेव्हा रिबीन बांधली.