पांढऱ्या पानांचा चातुर्मास

शिरपूरला केशरीचंदांचं कापडाचं दुकान खाली आणि बिऱ्हाड वर. वरती राज्य त्यांच्या बायकोचं, सूरजबाईंचं. वय एकाहत्तर, गुडघे कुरकुरणारे, पण नियमाला बाई अशी पक्की की तिच्याशी वाद घालायला केशरीचंदही दोनदा विचार करायचे. एकवीस वर्षांपूर्वी त्यांनी जैन मंदिरात महाराजांसमोर नियम घेतला होता: चातुर्मासात हिरवं पान तोडणार नाही, कोणाकडून तोडवून घेणार नाही, आणि कोणी तोडलं तर मनातही त्याला बरं म्हणणार नाही. पहिल्या दोन गोष्टी कोणीही पाळेल. तिसरीपाशी मात्र भल्याभल्यांची गाडी अडते. सूरजबाईंची अडली नव्हती, आणि मंदिरातल्या बायका नव्या सुनांना त्यांचंच उदाहरण द्यायच्या.

यंदा नेमकी आषाढाच्या तोंडावर नात जिनल अमरावतीच्या होस्टेलवरून मनीप्लांटची कुंडी घेऊन आली. साधा मनीप्लांट नव्हे. अर्धं पान हिरवं, अर्धं चुना लावल्यासारखं पांढरं.

"दादी, मी रूम बदलवून राह्यली. दिवाळीले घेऊन जाईन. पण याचं पांढरं सांभाळजो हं, ते गेलं की याच्यात काई उरत नाई."

"सांभाळते," सूरजबाई म्हणाल्या आणि शब्द देऊन बसल्या.

कुंडी जिन्याजवळच्या कोनाड्यात ठेवली. श्रावणभर आभाळ भरलेलं, कोनाड्यात अंधार. नवी पानं आली ती निव्वळ हिरवी. त्यातला एक फुटवा तर असा माजला की रोज पाहावं तर वीतभर पुढे. जिनलने फोनवर फोटो पाहिला.

"दादी, तो हिरवा फुटवा कापा लागते. सारा जोर तोच खाते, मंग पांढरं मरते."

"चातुर्मासात कापू?"

मग जिनल म्हणाली, "राहू दे मंग, दादी." ते 'राहू दे' सूरजबाईंना झोंबलं. पोरीने आपल्यावरची आशाच सोडली, असं त्यांना वाटलं.

शेजारच्या गोजराबाईंना हा सगळा प्रकारच अजब वाटला. त्यांची हयात वावरात गेलेली. "मी देते ना कापून! तुमी फक्त मान हालवा."

"मान हालवली तरी मोडते, बाई."

नियम मोडायचा नाही आणि शब्दही मोडायचा नाही, हे सूरजबाईंनी त्याच दिवशी ठरवून टाकलं. मग त्या वेलापुढे पाट टाकून बसल्या आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. उजेडाच्या बाजूची पानं अजून पांढरी होती, भिंतीकडची हिरवी. म्हणजे याला उजेड पाहिजे. घरात उजेडाची जागा एकच, पूर्वेची खिडकी, आणि तिथे केशरीचंदांची पेपर वाचायची खुर्ची.

"माह्या खुर्चीनं काय घोडं मारलं?" केशरीचंद म्हणाले. खुर्ची कोनाड्यात गेली.

रोज सकाळी कुंडी थोडी फिरवायची. ओल्या फडक्याने एकेक पान पुसायचं. पाणी गाळून, उकळून, पार गार करून, तेही मातीत बोट खुपसून कोरडं लागलं तरच. हिरव्या फुटव्यावर फडकं टाकून त्याला अंधारात ठेवावं, असं एकदा मनात आलं. पण ते उपाशी मारणं झालं, म्हणून त्यांनी तो विचार झटकला. फुटव्याला सुती दोऱ्याने वाट दाखवत जिन्याच्या कठड्यावर सोडलं. भाद्रपदात खिडकीकडे एक नवं पान उलगडलं, अर्धं पांढरं. त्या दिवशी सूरजबाई एकट्याच हसत होत्या. पण फुटवा जिन्याच्या सात पायऱ्या उतरला होता, आणि जुन्या पांढऱ्या पानांच्या कडा तपकिरी पडायला लागल्या होत्या.

आश्विनात एका सकाळी त्या मंदिरातून परतल्या तर कठडा मोकळा. वर केशरीचंद उभे, हातात दुकानातली कापड कापायची कात्री.

"तू सांगतलं नाई, म्या विचारलं नाई," ते घाईघाईने म्हणाले. "तुले दोष लागत नाई."

सूरजबाईंनी आधी कुंडीकडे पाहिलं. सुटसुटीत, मोकळी, सगळी पांढरी पानं उजेडात. आणि छातीवरचं ओझंच उतरलं. बरं झालं, असं त्यांना वाटलं. अगदी मनापासून वाटलं.

मग त्या नवऱ्यावर अशा बरसल्या की खालचं गिऱ्हाईक कापड न घेताच गेलं. कापलेला फुटवा त्यांनी पेल्यात पाणी घालून ठेवला, जगावा म्हणून. आठ दिवसांत त्याला मुळंही फुटली. पण ते 'बरं झालं' काही जाईना. रोजच्या प्रतिक्रमणात, दिवसाचे दोष आठवून क्षमा मागताना, तिथे आलं की जीभ अडखळायची.

धनतेरसला जिनल आली. खिडकीत नऊ पांढरी पानं. तिने किंकाळीच मारली, दादीच्या गळ्यात पडली, मग मोबाइल काढला.

"दादी, इकडे पाह्य. मी साऱ्याइले सांगते, बावीस चातुर्मास माह्या दादीनं एक पान नाई तोडलं, तरी वेल असा सांभाळला. बोल ना!"

केशरीचंद दारात उभे होते. त्यांनी डोळ्यांनीच खुणावलं, गप्प राहा. कोणाला काही कळणार नव्हतं. नात कौतुकाने पाहत होती, आणि ते कौतुक सूरजबाईंना हवंही होतं.

"बावीस नको म्हणू," त्या मोबाइलकडे सरळ पाहत म्हणाल्या. "एकवीस म्हण. यंदाचा मोडला. फुटवा तुह्या दादाजीनं कापला, पण मले बरं वाटलं."

"दादी, एवढ्यानं कायले मोडते? तू तर कात्रीले हातही नाई लावला."

"मनानं लावला ना." त्यांनी पदराने डोळे पुसले. "तुहा मोबाइल चालू आहे का? मंग हेही घे. पुढल्या आषाढापासून माहा पयला चातुर्मास."