वाघमारे वकिलांची तिसरी खुर्ची

ॲड. सुधाकर वाघमारे गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात होतो. शेजारच्या वकिलांना सांगितलं. ते म्हणाले, "आता दाव्यात पैसे लावणाऱ्यांना समोर कोण बसवणार…"

वाघमारे वाढले खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. मी कोर्टाच्या बातम्या करू लागलो तेव्हा दावा कसा वाचायचा हे त्यांनीच शिकवलं. ऑफिस म्हणजे कोर्टाजवळची एक खोली. टेबलासमोर दोन लाकडी खुर्च्या आणि भिंतीला टेकवलेली एक लोखंडी, घडीची. पक्षकार आला की वाघमाऱ्यांचा पहिला प्रश्न असे, "खर्च कोण करतंय?" आयटी कंपन्या येत होत्या, शहराभोवतीच्या जमिनींचे भाव चढत होते आणि घरोघरी वाटण्यांचे दावे लागत होते. ज्याचा हक्क, त्याच्याकडे फीचे पैसे नसत. मग कुणी तिसराच खर्च करी आणि जिंकलेल्या जमिनीत हिस्सा ठरवून घेई. हे सौदे सहसा बाहेर चहाच्या टपरीवर होत. वाघमारे मात्र त्या माणसाला वर बोलावत, स्वतः उठून लोखंडी खुर्ची उघडत आणि त्याला पक्षकाराशेजारी बसवत. "दाव्यात पैसा लावणं गुन्हा नाही. लपून लावणं वाईट," असं ते म्हणत. पैसे कोणाचे, हिस्सा किती, निर्णय कोणाचा, हे कायद्यात स्पष्ट हवं, म्हणून त्यांनी मसुदा लिहून सरकारला पाठवला होता. उत्तर आलं नाही. "वाचत असतील सावकाश," एवढंच ते म्हणत.

धायरीच्या हौसाबाईंच्या घरची सामायिक जमीन चुलतदिराने त्यांच्या हिश्श्यासकट विकली होती. त्या विधवा, मुलगा शाळेत. खर्चाला तयार झाले वारज्याचे हार्डवेअर दुकानदार गफूरभाई. मिळेल त्यातला चौथा हिस्सा त्यांचा. आपल्याला विचारल्याशिवाय तडजोड करायची नाही, अशी अटही त्यांना हवी होती. वाघमाऱ्यांनी ती खोडली. "दुकान तुमचं, गफूरभाई. दावा यांचा."

काही वर्षांनी समोरून तडजोडीचा प्रस्ताव आला. जमीन मागितली होती त्याहून कमी, पण राहतं घर त्यात होतं. भाव वाढतोय, लढत राहू, असं गफूरभाईंचं म्हणणं. हौसाबाईंना घर हवं होतं. त्यांनी सही केली आणि अट खोडलेली असल्याने गफूरभाईंना ते मानावं लागलं.

हिस्सा लिहून द्यायच्या दिवशी मी तिथे होतो. हौसाबाईंचा मुलगा आता सॉफ्टवेअर कंपनीत होता.

"सर, असलं अ‍ॅग्रीमेंट कोर्टात टिकतच नाही. मी चेक केलंय."

"कुठे?"

"नेटवर."

"नेटला वकिलीची सनद कधी मिळाली?" वाघमारे म्हणाले. "हिस्सा अवाजवी असता तर मीच मोडायला सांगितलं असतं. हा वाजवी आहे, टिकेल. आणि टिकला नाही तर तुमच्या आईसारखी पुढची बाई येईल, तिच्यासाठी पैसे कोण काढेल?"

"पण सर, चौथा हिस्सा म्हणजे आज किती होतात…"

गफूरभाई लोखंडी खुर्चीवर बसून हे सगळं ऐकत होते. हौसाबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग मुलाला म्हणाल्या, "मानूस हितं बसलेला हाय. त्याच्या तोंडावर न्हाई म्हनू व्हय रं?" आणि कागद पुढे ओढला.

शोकसभेनंतर काही दिवसांनी त्या ऑफिसात गेलो. टेबलामागे त्यांच्या ज्युनियर मंजुषाताई होत्या. समोर एक नवा पक्षकार.

"खर्च कोण करतंय?" त्यांनी विचारलं.

"एक ओळखीचे आहेत. खाली गाडीत बसलेत."

"मग वर बोलवा त्यांना," मंजुषाताई म्हणाल्या आणि भिंतीजवळची लोखंडी खुर्ची उघडायला उठल्या.