सुपातला चष्मा

निघायच्या दिवशी आईने माझ्या हातावर दही ठेवलं, ते तळहातावर नाही, मनगटावरच्या घड्याळाच्या काचेवर. दारात जीप उभी, ओसरीवर सगळी आळी जमलेली, आणि पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसणार म्हणून मी जमिनीवरच तरंगत होतो. मी म्हणालो, "आई, घड्याळालाच दही चारलंस? आता विमान काही चुकत नाही." सगळे हसले. आईही हसली. मी घड्याळ पुसलं, दही पँटला लागलं, मंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, ओलं फडकं आणलं. जीप शेवगावच्या रस्त्याला लागल्यावर मी ड्रायव्हरला सांगितलंसुद्धा, "म्हातारीचा हात थरथरला. पोटचा गोळा चाललाय ना."

तीस वर्षं सरकारी दवाखान्यात लोकांचे डोळे तपासलेल्या माणसाचं हे निदान.

आता हे मलावीतून लिहितोय. आफ्रिकेतला छोटासा देश. इथल्या एका धर्मादाय दवाखान्यात वर्षभर बिनपगारी डोळे तपासायचे, असं ठरवून आलो. गावाकडच्यांनी वाचावं, आणि पुण्या-दुबईला पांगलेल्यांनीही, कारण निघताना काय काय आपल्या नजरेतून सुटतं हे तुम्हालाही कधीतरी कळलं असेल. मला जरा उशिरा कळलं.

तयारी सहा महिने चालली होती. पुण्याला जाऊन पीतज्वराची लस घेतली. दंडाला काही झालं नाही, तरी दोन दिवस मी तो हात जपून धरला. तिथल्या भाषेतले शंभर शब्द कागदावर लिहून स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिकटवले आणि येता-जाता मोठ्याने घोकले. मला वीस आले. आईला साठ. ती चुलीपाशी बसल्या बसल्या ऐकायची आणि दूधवाल्याला "झिकोमो" म्हणायची. झिकोमो म्हणजे धन्यवाद. दूधवाला म्हणाला, "मावशे, शिवी तर न्हाई ना दिली?" आईचे कान त्या काळात फार तल्लख झाले होते. मला कौतुक वाटायचं. का झाले असतील, हे मनात आलं नाही.

मग चष्मे. तिकडे चष्मा मिळणं अवघड, म्हणून गावातले पडून असलेले चष्मे गोळा करून न्यायचे असं मी ठरवलं. देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सलीमभाईंनी मशिदीच्या भोंग्यावरूनही सांगितलं, आणि माझ्यापेक्षा नीट सांगितलं. ओसरीवर एक सूप ठेवलं होतं, त्यात लोक चष्मे टाकून जायचे. बरेचसे गेलेल्या माणसांचे. एका बाईंनी नवऱ्याचा चष्मा पदराने पुसून पुसून ठेवला, म्हणाल्या, "पेपर लई वाचायचं. शेवटाला उलटा धरायचं, पर वाचायचं." त्या गेल्यावर मी थोडा वेळ सुपाकडे बघत बसलो होतो.

प्रत्येक चष्मा साबणाने धुतला, दवाखान्यातल्या यंत्रावर नंबर काढला, चिठ्ठी लावली. एकाची दांडी लाल दोऱ्याने बांधलेली होती. मी दोरा कापला, नवा स्क्रू बसवला, चिठ्ठीवर लिहिलं, 'बाई, वय साठच्या पुढे', आणि आपण किती मन लावून काम करतो म्हणून स्वतःवरच खूश झालो.

इथे आलो तर माती लाल, मका माणसापेक्षा उंच, आणि दवाखान्याबाहेर झाडाखाली बसलेली माणसं मात्र ओळखीची. तशीच सकाळपासून आलेली, तशीच डोक्यावरून कापड ओढून, तशीच "नंबर कधी येणार" हे न विचारता बसून राहणारी. म्हाताऱ्या बाईला इथे आगोगो म्हणतात, आजी. तिसऱ्या आठवड्यात एक आगोगो आली. तिला जवळचं दिसत नव्हतं, घेवडा निवडता येत नव्हता. मी खोक्यातून चष्मा काढून तिच्या नाकावर बसवला. तिने ओच्यातला मूठभर घेवडा टेबलावर ओतला आणि एकेक खडा वेचून माझ्यासमोर ओळीने मांडला. मग इथल्या रीतीप्रमाणे दोन्ही हातांची ओंजळ करून हलकेच टाळ्या वाजवल्या. मी तिचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. भाच्या-पुतण्यांकडून जोडलेल्या हातांची पंधरा-वीस चित्रं आली. मी दुपारचं जेवण जरा ताठ मानेनेच केलं.

तेवढ्यात मंदाचा फोन आला.

"अहो, त्या बाईच्या डोळ्यावर आत्याबाईंचा चष्मा आहे."

मी म्हणालो, "कसं शक्य आहे? आईच्या चष्म्याला तर लाल दोरा..."

तो दोरा कापताना कात्री कुठे धरली होती तेसुद्धा आठवलं. आठ वर्षांपूर्वी तो चष्मा मीच काढून दिला होता.

पण खरा मुद्दा चष्मा इथे कसा आला, हा नव्हताच. मला घर सोडून तीन आठवडे झाले होते, आणि आईने चष्मा मागितला नव्हता. ज्या माणसाला चष्म्यातून दिसतं, तो अर्ध्या दिवसात घर डोक्यावर घेतो. न मागणाऱ्याला त्याचा उपयोग उरलेला नसतो. हे मला झाडाखालच्या कुठल्याही परक्या माणसाबद्दल लगेच कळलं असतं.

मी मंदाला विचारलं, तुला काही जाणवलं नव्हतं का? ती म्हणाली, "त्या तांदूळ निवडायच्या, मग मी मागच्या दारी नेऊन पुन्हा निवडायचे. तुम्हाला दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, विचारलं मी, दिसतंय म्हणते."

खरं होतं. दर दिवाळीला मी विचारायचो, "आई, दिसतंय ना?" ती म्हणायची, "दिसतंय की." झाली तपासणी. दवाखान्यात "दिसतंय" म्हणणाऱ्या एकाही माणसावर मी तीस वर्षांत विश्वास ठेवला नाही, भिंतीवरच्या पाटीकडे बोट करून वाचायला लावलं. घरात पाटी नव्हती, एवढाच काय तो फरक.

मग आईने फोन घेतला.

"मीच टाकला सुपात. मला त्याचा काय उपेग? दोन वरीस झाली, धुकं पडल्यावानी दिसतंय. म्हनलं, तिकडं कुनाला तरी दिसंल."

"अगं, पण मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं आस्तं तर गेला आस्तास व्हय?"

मी येतो म्हणालो. पुढच्या आठवड्यात येतो, ऑपरेशन करू, मग बघू परत जायचं. आईने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ती फोटूतली बाई. तिला दिसाया लागलं का?"

"लागलं."

"आन् तिच्यामागं रांगंत किती जनी हुत्या?"

मी सांगितलं, बऱ्याच.

"मग हितं येऊन माझा हात धरून बसनार का? ऑपरेशन तू करनार हाईस व्हय? तू तर नुसतं नंबर काढतूस."

ते मात्र खरं होतं. मी गेलो नाही. बरोबर केलं का चूक, ते अजून ठरलेलं नाही, आणि ठरवायची घाई नाही. नगरच्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी आईला तपासलं आणि मला एकच सांगितलं, "अहो, उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू तर पुरता पिकलाय. ओसरीवरून दिसला असता." मी म्हणालो, हो.

ऑपरेशनच्या दिवशी मी इथे एकवीस माणसं तपासली. एका आगोगोच्या डोळ्यात बॅटरी मारली, बाहुलीत ताकाचा थेंब पडल्यासारखा पांढरा ठिपका, आणि मला बॅटरी विझवून जरा बाहेर जाऊन यावं लागलं. सोबतच्या नर्सने काही विचारलं नाही. इथली माणसं त्या बाबतीत फार चांगली आहेत.

गाव सोडताना वाटत होतं, घर म्हणजे आपण मागे ठेवून जातो ते, आणि परत आलो की जसंच्या तसं सापडतं ते. आता वाटतं, मी त्या घरातून कधीतरी आधीच निघून गेलो होतो. ओसरीवर बसून, चष्म्यांना चिठ्ठ्या लावता लावता. विमानाने नुसतं अंतर तेवढं वाढवलं. हल्ली रोज फोन करतो तेव्हा "बरं आहे ना" विचारत नाही. आज काय निवडलंस, सुई कुणी ओवली, उंबऱ्याला ठेच लागली का, असलं विचारतो. आई वैतागते. "पोलीस हाईस का?" म्हणते. मी म्हणतो, विचारू दे, मला अजून अकरा महिने तेवढंच करता येणार आहे.

पट्टी सोडली त्या दिवशी मी मंदाच्या फोनची वाट बघत दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो. तिला उशीर झाला. शेवटी फोन आला तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाली आई? दिसलं?"

"दिसलं," मंदा म्हणाली. "मीच समोर होते. बराच वेळ माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, मंदे, तुझं केस कधी गं पांढरं झालं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरं वाटलं," ती म्हणाली. "कुणीतरी विचारलं."