शनिवारची अंबाडी

"हात रिकामा नक्को," असं म्हणत अक्का समोरच्याच्या हातात अंबाडीची जुडी द्यायच्या आणि मगच काय झालं ते विचारायच्या. कधी कधी विचारायच्याही नाहीत. माणूस रडत आलेला असो की भांडून आलेला, आधी जुडी. पानं खुडायची, देठ बाजूला टाकायचे. खुडता खुडता बोलावंसं वाटलं तर बोला, नाही वाटलं तर निदान भाजी तरी निवडून होते, असा त्यांचा साधा हिशेब होता.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती मदत करतायत हे आपल्याला फार उशिरा कळतं, आणि तोवर रागवायची वेळ निघून गेलेली असते. मी तरीही रागावले होते, ते पुढे सांगते.

अक्का नल्लकुंट्यात आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या, नवरा गेलेला, मुलगा परदेशात. घराणं मूळचं नांदेडकडचं, शेतकऱ्यांचं, पण हैदराबादेत त्यांच्या तीन पिढ्या गेल्या होत्या. सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणायची, तेलुगू शेजारीसुद्धा. आम्ही पुण्याहून नवीन आलो तेव्हा पहिल्याच सकाळी त्या जिन्यात उभ्या. "पानी येऊन गेलं की. तुम्ही भरून कायकू नाही ठेवलं?" मी पडले पुण्याची. मला वाटलं, बाईंना धड मराठी येत नाही. वर्षाच्या आत माझ्याच तोंडी 'हो'च्या जागी 'हौ' बसलं आणि फोनवर माझी आई म्हणाली, "अगं, तू कुठल्या भाषेत बोलतेयस?"

बदली नवऱ्याची झाली होती, पण मोडली ती आमची इरा. अकरा वर्षांची होती. घरात बोलायची, उंबऱ्याबाहेर एक शब्द नाही. शाळेत बाईंनी हजेरी घेतली तरी गप्प. मग सकाळी पोटात दुखायला लागलं, मग उलट्या. डॉक्टरांनी पोट तपासलं, पोट उत्तम होतं. "नवीन गाव आहे, रुळेल," असं नवरा म्हणायचा. कुणीतरी समुपदेशकाचं नाव काढलं तेव्हा "माझी मुलगी वेडी नाही" असं म्हणून मी विषय तोडला. रोज सकाळी शाळेची व्हॅन खाली येऊन हॉर्न वाजवायची आणि इराला न घेता निघून जायची. माझं मूल माझ्या डोळ्यांदेखत मिटत चाललं होतं आणि मला काही म्हणजे काही सुचत नव्हतं.

तो हॉर्न अक्काही ऐकत होत्या. एक दिवस जिन्यात म्हणाल्या, "व्हॅन आज पण तशीच गेली ना ग." ताप आहे, हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. त्यांनी त्याची वाट पाहिली नाही. "शनिवारी बरकतपुऱ्याला ये, आपल्या मराठी मंडळाच्या हॉलवर. अंबाडी लय आलीय, हात कमी पडतात. पोरीला पण आण."

मला वाटलं, मंडळाचं जेवण असेल. इरा यायला तयार झाली, कारण भाजी निवडायला बोलावं लागत नाही.

हॉलमध्ये सतरंजी अंथरलेली, मध्ये अंबाडीचा ढीग, आणि भोवती हे एवढं माणूस. बुरखा घातलेली एक आई, एक तेलुगू आजी, ऑफिसच्या कपड्यांत आलेले एक वडील, आणि प्रत्येकाजवळ एकेक मूल. ते वडील पानं फेकून देठ ठेवत होते आणि त्यांची मुलगी ते गुपचूप दुरुस्त करत होती. मी अक्कांना हळूच विचारलं, "एवढी भाजी? जेवण कुणाचं आहे?"

"ज्याचं त्याचं," त्या म्हणाल्या आणि मला जुडी दिली.

मागे एक लहान खोली होती. तिचं दार फुगून बसलं होतं, लागत नव्हतं, म्हणून अक्कांनी सुलतान बाजारातून जाड पडदा आणून लावला होता. त्या पडद्याआडून मधूनच एक तरुण मुलगी बाहेर यायची, आमच्यात बसून थोडी पानं खुडायची, मग एखाद्या मुलाला म्हणायची, "चल, आपण आत बसू या का?" इराच्या शेजारी बसली तेव्हा तिने इराला काहीच विचारलं नाही. दोघी आपल्या पानं खुडत राहिल्या.

ती तरुण मुलगी मुलांच्या एका दवाखान्यातली समुपदेशक होती, हे मला पुढच्या शनिवारी त्या बुरख्यातल्या बाईंकडून कळलं. माझं डोकंच फिरलं. घरी येताना जिन्यात मी अक्कांना गाठलं. "तुम्ही मला फसवलंत."

"हौ," अक्का म्हणाल्या. "पण अंबाडी खरी होती ना?"

मी तणतणत वर गेले, भाजी केली, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा गेले. कारण आदल्या रात्री इराने विचारलं होतं, "उद्या जायचंय ना?" कुठेतरी जायचं आहे ना, असं ती कित्येक महिन्यांत पहिल्यांदा विचारत होती.

हा सगळा घाट अक्कांनीच घातला होता. मंडळाचा हॉल शनिवारी दुपारी रिकामा असायचा, तो मिळवला. दवाखान्यात जाऊन बसून बसून ती मुलगी मिळवली. सगळ्यात अवघड गेल्या शाळा. एकदा मीही त्यांच्याबरोबर एका मुख्याध्यापक बाईंकडे गेले होते. बाई म्हणाल्या, "आमच्या शाळेत तशी मुलं नाहीत." अक्का तेलुगूत म्हणाल्या, "तशी नक्कोतच मला. जी पोरं परवापरवापर्यंत हात वर करायची आणि आता करत नाहीत, तेवढी सांगा. फार बिघडल्यावर दवाखाना आहेच की. मला त्याच्या आधी पाहिजेत." बाई टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिल्या. मग एक नाव म्हणाल्या. थोड्या वेळाने आणखी एक. बाहेर पडल्यावर अक्का मला म्हणाल्या, "दुसरं नाव त्यांच्याच घरातलं असणार बघ." तसं होतं की नाही, मला माहीत नाही.

अंबाडीचं कारणही त्यांनी तेव्हाच सांगितलं. "दवाखान्याच्या बाकावर बसलं की येणारा जाणारा बघतो. आई मान खाली घालते, पोरगं आईकडे बघतं, अन् त्याला वाटतं आपण कायतरी वाईट केलं. सतरंजीवर कोण कशाला आलंय, कुणाच्या बापाला कळतंय?"

इरा पडद्याआड जायला लागली. एका शनिवारी बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. माझ्याकडे न येता ती त्या बुरख्यातल्या बाईंपाशी थांबली आणि म्हणाली, "आंटी, पानी देते क्या?" त्यांनी बाटली दिली. मी उठून मोरीत गेले, नळ सोडला आणि पोटभर रडले. आत काय बोलणं झालं, हे मी अक्कांना परोपरीने विचारलं. त्या म्हणाल्या, "पडद्यामागचं पडद्यामागं," आणि हातात जुडी दिली. आजही मला ते माहीत नाही.

व्हॅनमध्ये इरा अधूनमधून बसायला लागली होती. आणि मग अक्कांच्या हातून घोटाळा झाला.

निवडलेली भाजी वाया जाऊ नये म्हणून त्या ती पिशव्यांत भरून ज्याच्या त्याच्या घरी द्यायच्या. रविवारी लसणाच्या फोडणीचा आणि त्या आंबट पानांचा वास बाहेर पडायचा. गल्ली काही आंधळी नाही, आणि तिला नाकही आहे. काही महिन्यांत सगळ्यांनी ताडलं की रविवारी ज्या घरात अंबाडी, त्या घरातलं मूल शनिवारी पडद्याआड जातं. एका रविवारी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात भेटल्या. वास घेतला, इराकडे पाहिलं आणि हळहळून म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याकडेही अंबाडी का? बिचारी."

इराने माझा हात सोडला. वर जाऊन खोलीचं दार लावून घेतलं. सोमवारी व्हॅन हॉर्न वाजवून निघून गेली, मंगळवारीही गेली. शनिवारी ती हॉलवर आली नाही. इतकं सगळं करून आम्ही होतो तिथेच आलो होतो, किंवा त्याहून मागे.

अक्का वर आल्या. त्यांचे हात रिकामे होते, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. इराच्या बंद दाराशी फरशीवर बसल्या. "इरा, चूक माझी हाय बघ. भाजी वाया जाईल म्हणून वाटली. एवढं मला सुचलं नाही." दार उघडलं नाही. मी चहाचं विचारलं, तर "नक्को" म्हणाल्या. बराच वेळ बसून राहिल्या, मग भिंतीला धरून उठल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. अक्कांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग माझाही धीर सुटला.

त्याच शनिवारी संध्याकाळी भाजीवालीचा हातगाडा आमच्या फाटकाशी उभा राहिला आणि अक्कांनी त्यावरची सगळीच्या सगळी अंबाडी उतरवून घेतली. मग आपले दुखरे गुडघे घेऊन निघाल्या. प्रत्येक दार. इस्त्रीवाला, औषधाचं दुकान, कोपऱ्यावरचे निवृत्त मास्तर, मूल असलेली घरं, नसलेली घरं. "हॉलवरची हाय, जास्त झाली, उद्या करून खा." नाही म्हणायची सोयच नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना दोन जुड्या.

रविवारी अकराच्या सुमाराला सगळ्या गल्लीत एकच वास सुटला. इरा केव्हा बाल्कनीत येऊन उभी राहिली, मला कळलं नाही. नाक वर करून ती इकडे तिकडे वास घेत होती. मग म्हणाली, "आई, आज सगळ्यांकडेच आहे."

"हो."

"इस्त्रीवाल्यांकडेपण," ती म्हणाली आणि हसली. पुढच्या शनिवारी माझ्या आधी ती चपला घालून दारात उभी होती.

तेव्हापासून तो शिरस्ताच पडला. शनिवारी भाजीवाली गाडा थेट अक्कांच्या दाराशी आणायची. अर्धी अंबाडी हॉलवर, अर्धी गल्लीत. "रविवार उजाडला की दात आंबतात," असं माझा नवरा कुरकुरायचा आणि दोनदा वाढून घ्यायचा. आता कुठल्या घरातलं मूल पडद्याआड जातं, हे कुणालाच कळेनासं झालं आणि हळूहळू कुणी विचारीनासंही झालं.

इरा आता कॉलेजात आहे. इतकी बोलते की मीच म्हणते, बाई, थोडी थांब. सगळं मिटलं असं नाही. एखादी सकाळ अजूनही जड उगवते. मग ती स्वयंपाकघरात येऊन बसते आणि कोथिंबीर, मेथी, जे असेल ते निवडत राहते.

यंदाच्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. थोडं आजारपण झालं आणि संपलंच. मुलगा आला, सगळं केलं, कुलूप लावून परत गेला. हॉलवरचे शनिवार चालू आहेत. शाळा आता स्वतःहून फोन करतात, दवाखाना दोन समुपदेशक पाठवतो, मंडळाने दाराची दुरुस्ती केली आणि सतरंजी गुंडाळून खुर्च्यांच्या रांगा मांडल्या. चांगलंच झालं. तरी तिथे बसलेल्या आया खाली मान घालून मोबाइलकडे बघताना दिसतात आणि मला अक्कांची फार आठवण येते. जिना चढताना त्या कुलपापाशी माझे पाय थांबतात. कुणीतरी हातात जुडी द्यावी आणि काही विचारू नये, असं वाटतं. आता असं कोण देणार?

त्या गेल्यानंतरचा पहिला शनिवार आठवतो. भाजीवाली आपल्या गावी गेली होती, तिला काही कळलं नव्हतं. नेहमीसारखा गाडा भरून ती फाटकाशी आली आणि तिने हाक मारली, "अक्का." खिडक्या उघडल्या, माणसं डोकावली, पण सांगणार कोण? मी बाल्कनीत होते. तिने पुन्हा हाक मारली.

तेवढ्यात मला खाली इरा दिसली. ती गाड्यापाशी गेली, भाजीवालीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तेलुगूत तिला सगळं सांगितलं. शांतपणे, शेवटपर्यंत. भाजीवाली तिथेच मातीत बसली. इराही तिच्याजवळ बसली.

थोड्या वेळाने इरा उठली आणि एकेक जुडी उतरवून अक्कांच्या पायरीवर ठेवायला लागली. इस्त्रीवाला काम टाकून आला. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी खाली आल्या, पायरीवर बसल्या आणि पानं खुडायला लागल्या. मग इराने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"आई, खाली ये ना," ती म्हणाली. "अंबाडी लय आलीय, हात कमी पडतात."

मी तशीच अनवाणी खाली गेले.