पहिला बाक

शिक्षकांच्या प्रशिक्षणात शेवटचे बाक आधी भरतात. वर्गात मुलांना पुढे बसा म्हणून ओरडणारे आम्ही, सभागृहात शिरलो की भिंत आणि पंखा शोधतो.

त्या दिवशी विषय होता दिव्यांग मुलांचे हक्क. प्रशिक्षक मॅडम कायद्यातले दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार समजावत होत्या आणि मी आजूबाजूला बघत होते. आमचे गणिताचे गायकवाड सर चष्मा विसरले होते, म्हणून पडद्याचा फोटो काढून, मोठा करून वाचत होते. जोशीबाईंना ऐकू येईना, त्यांच्यासाठी मॅडम पुन्हा सांगत होत्या. माझी पाठ आखडते, मी मधूनच बाहेर फेरी मारून आले. कुणी कुणाला काही विचारलं नाही. स्वतःची अडचण माणसाला खरी वाटते. दुसऱ्याची मात्र तपासून घ्यावीशी वाटते.

चहानंतर गायकवाड सर उठले. "आमच्या सातवीतल्या सोनालीला वाचायला त्रास होतो. चाचणीला जादा वेळ मागते. पण प्रमाणपत्र नाही, मग कसा द्यायचा?"

"वर्गातल्या चाचणीला तुम्हाला कोण अडवतंय, सर?" मॅडम म्हणाल्या. सर खाली बसले, पण पटल्यासारखे दिसले नाहीत.

शेवटी आमचीच लेखी चाचणी झाली. वेळ संपला तसा मागून सरांचा आवाज आला, "मॅडम, दहा मिनिटं वाढवा ना. अक्षर दिसत नाहीये."

"प्रमाणपत्र आहे?" मॅडमनी विचारलं.

सभागृह हसलं. मॅडमनी दहा मिनिटं दिली. सर कागद घेऊन पुढे आले आणि खिडकीजवळच्या पहिल्या बाकावर, उजेडात बसले. दिवसभर तो रिकामाच होता.