रंगारी काकांचा तेहतीस पॉइंट एक

रंगारी काका मला पहिल्यांदा भेटले तेव्हा मी त्यांच्याबद्दलच वाईट बोलत होते. ब्रिस्टलला युनिव्हर्सिटीतला माझा पहिला आठवडा. आइस रिंकच्या पेफोनवरून मी लंडनजवळ पिनरला आईला सांगत होते, "अगं, इथे एक खडूस अंकल आहेत, हेल्मेटशिवाय बर्फावर सोडतच नाहीत." मागून शांत आवाज आला, "आईला सांग, खडूस अंकलनी हेल्मेट आणून ठेवलंय. साइज मीडियम." मी फोनच ठेवून दिला.

आपल्या मंडळात यशवंत रंगारी सगळ्यांना माहीत आहेत ते विमानाच्या इंजिनांच्या फॅक्टरीतले इंजिनिअर म्हणून, आणि आंबेडकर जयंतीचा हॉल दरवर्षी न चुकता बुक करणारे काका म्हणून. रिंकवरचे काका फार कमी जणांनी पाहिलेत. ते स्वतः कधी स्केटिंग शिकले नाहीत. "नागपूरच्या माणसाने बर्फ सरबतात बघावा," असं तेच म्हणतात. मुलाला स्पीड स्केटिंगच्या क्लबला सोडायला यायचे, कोणीतरी हातात स्टॉपवॉच दिलं. मुलगा पुढे फुटबॉलकडे गेला, काका राहिले. एकदा एक आई त्यांना म्हणाली, "आज तिचा बर्थडे आहे, वेळ जरा कमी सांगा ना." काकांनी मुलीला हॅपी बर्थडे म्हटलं आणि जो होता तोच वेळ सांगितला.

माझ्या बाबांची बायपास झाली तेव्हा मला ब्रिस्टलहून हॉस्पिटलला काकाच घेऊन गेले. चार तास कॉरिडॉरमध्ये बसले, सुमनकाकूंनी दिलेला डबा मला खायला लावला. मी थँक यू म्हणाले, तर म्हणतात, "एम-फोर हायवे रिकामा होता."

पण मला लिहायचंय ते त्या मोठ्या इंटरनॅशनल स्पर्धेबद्दल. ती इंग्लंडमध्ये होती, म्हणून आमच्या क्लबचे बरेच जण मदतीला गेले होते. ब्रॅकनेलच्या नोकरीतून लीव्ह काढून मी रिझल्ट टाइप करायला बसले होते. काका टाइमकीपर होते. मेन्स थाउजंड मीटरची सेमीफायनल. दोन्ही रेसमधले पहिले दोघे फायनलला जाणार होते, शिवाय तिसऱ्या आलेल्या दोघांपैकी ज्याचा वेळ कमी, तो. आमच्या क्लबचा टोनी पहिल्या रेसमध्ये तिसरा आला, एक मिनिट तेहतीस पॉइंट पाच. दुसऱ्या रेसमध्ये इलेक्ट्रॉनिक क्लॉक बंद पडलं, म्हणून हातातल्या घड्याळांचे वेळ धरले. तिसऱ्या आलेल्या हंगेरीच्या मुलाचा वेळ काकांकडे होता. मिनिट सगळ्यांचा एकच, म्हणून चिठ्ठीवर फक्त सेकंद लिहायचे. मी टाइप केलं, तेहतीस पॉइंट नऊ. टोनी फायनलमध्ये! आमच्या लोकांनी केवढा आरडाओरडा केला.

काका बोर्डावरचा कागद वाचून माझ्याकडे आले. "हा नऊ कुठून आणलास?"

"तुम्हीच लिहिलाय, काका." मी चिठ्ठी दाखवली. ३३.१.

"अगं, हा मराठी एक आहे! घाईत मराठीत लिहिलं गेलं."

मला मराठी आकडे नीट येत नाहीत. मराठी तीन मला थ्रीसारखा दिसतो आणि मराठी एक सरळ नाइनसारखा. म्हणजे फायनल हंगेरीच्या मुलाची होती. काकांचं घड्याळ तोपर्यंत पुढच्या रेससाठी झीरोवर गेलं होतं. बर्फ साफ करणारी गाडी फिरत होती. ती बाहेर आली की फायनल.

मी हळूच म्हणाले, "काका, हे इथे कोणाला वाचता येतंय?"

"मला येतं. आता तुलाही येतं," म्हणाले आणि रेफरीकडे चालायला लागले. मी मागोमाग गेले.

रेफरी बाईंनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "हा नाइन नाही, वन आहे, असं तुम्ही म्हणता. तुमच्याशिवाय कोण म्हणतंय?" काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. समोर टोनी ब्लेड पुसत होता.

मी म्हणाले, "मी. तो वन आहे. मी चुकीचा वाचला."

टोनीला सांगायला काका स्वतः गेले. "तुम्ही आमच्या क्लबचे ना, यश?" तो ओरडला. काकांनी लिहिण्यातली चूक आपली म्हणून सॉरी म्हटलं आणि अख्खी फायनल त्याच्या शेजारी बसून राहिले. टोनी उठून दुसऱ्या बाकावर गेला. हंगेरीचा मुलगा दुसऱ्याच लॅपला पडला आणि शेवटचा आला. परतीच्या प्रवासात गाडीत कोणी काकांशी बोललं नाही. मी बोलायला हवं होतं. मीही बोलले नाही. सॉरी काका, हे इथे लिहूनच सांगते.

पुढचे तीन मंगळवार टोनी ट्रेनिंगला आला नाही. चौथ्या मंगळवारी आला. नवीन कोच वेळ घ्यायला पुढे झाले, तर म्हणाला, "थांबा, यशना येऊ दे."

काका, साठीबद्दल अभिनंदन. काकूंचं ऐका, बीपीची गोळी घ्या, गुडघ्यांना जपा, आणि तुम्हा दोघांना खूप खूप वर्षं छान तब्येत मिळो. तुम्हाला ट्रॅफिकमध्ये उशीर झाला, तर टोनी अजूनही लाइनवर तसाच उभा असतो.