पायरीवरचं नाव

बाळांनो, परवा तुम्ही माझ्यासाठी शोधलेल्या वृद्धनिवासाची छायाचित्रं पाठवलीत. खोलीत घंटा, भिंतीला कठडे, न घसरणारी फरशी. 'आजी, इथे तू सुरक्षित राहशील,' असं तुम्ही म्हणालात आणि मला जुन्या जालन्यातली एक पायरी आठवली. म्हणून उत्तर देण्याआधी ती पायरी सांगते.

सत्तरच्या दशकात धान्याच्या आडतींमागे एक विश्वस्त मंडळ वृद्धांसाठी घर चालवत असे. माझ्या सासऱ्यांची बहीण, आमच्या आत्याबाई, टेंभुर्णीहून येऊन तिथे राहिल्या होत्या. आमच्याकडे या म्हटलं तर म्हणायच्या, तुमच्याकडे चहा मागावा लागतो, इथं आपोआप येतो. त्यांच्यामुळे आणि इंग्रजीतल्या माझ्या बी.ए.मुळे मंडळाने मला सदस्य करून घेतलं. इंग्रजीचं काम तिथे कधीच पडलं नाही.

एका कापड व्यापाऱ्याने आईच्या स्मरणार्थ तिथे नवं न्हाणीघर बांधून दिलं. दारात संगमरवरी पायरी आणि तिच्यावर आईचं नाव, देवळाच्या पायरीवर कोरतात तसं. म्हाताऱ्यांच्या पायांची धूळ तिच्या नावाला लागावी, एवढीच त्याची इच्छा. उद्घाटनाला सगळ्यांचे डोळे पाणावले. लगेचच माणसं पडू लागली.

मंडळाची बैठक झाली. डॉक्टर सदस्यांनी वयाला दोष दिला. 'सावकाश चाला' अशी पाटी लागली. वाचता येणारे मोजकेच होते, ते वाचायला थांबले की मागच्याचा धक्का बसे. मग संध्याकाळचा चहा बंद झाला, म्हणजे न्हाणीघराकडे जाणंच कमी होईल. शेवटी ठरलं, जो पुन्हा पडेल त्याने उठायचंच नाही. त्याला खाटेवर भांडं द्यायचं. आत्याबाई एकदा पडल्या होत्या.

चहा गेल्यावर त्यांनी मंडळाला मनसोक्त शिव्या दिल्या होत्या. भांड्याचं ऐकून मात्र त्या गप्प झाल्या. जन्मभर अंधारात एकटी रानात गेलेली बाई ती. मला ते गप्प बसणं बघवेना, म्हणून मी त्यांच्याबरोबर न्हाणीघरापर्यंत गेले. दाराशी त्यांनी लुगडं आवरलं आणि ओढा ओलांडावा तशी टांग टाकली. मी दंड धरला म्हणून वाचल्या.

"पायरीवर पाय का देत नाही, आत्याबाई?"

"मेलेल्या बाईच्या नावावर? न्हाई बाई. माह्या सासूनं असं शिकवलं न्हाई."

घरातले सगळेच तशी टांग टाकत होते.

मी हे मंडळात सांगितलं. पायरी काढून नाव भिंतीवर लावायला व्यापारी तयार होईना. भिंतीवर नाव म्हणजे मिरवणं, आईला ते आवडलं नसतं, असं त्याचं म्हणणं. एका सदस्याने म्हाताऱ्यांना पायरीचं पुण्य समजावून सांगायला कीर्तनकार बोलवावा, असं सुचवलं. शेवटी व्यापारी स्वतःच आला. सगळ्यांना दाराशी जमवून त्याने समजावलं की त्याच्या आईलाच हे हवं होतं, बिनधास्त पाय द्या, हा असा. त्याने चप्पल काढली, पाय उचलला आणि थेट पायरीपलीकडे टेकवला.

कुणी हसलं नाही. तो खाली बघत राहिला.

"तुलाबी जमंना ना लेका," आत्याबाई हळूच म्हणाल्या. "मंग भिंतीत बसव तिला, हाताला लागंल अशी. पायाखाली नको. आमचा हात धरू दे तिला."

त्याने मान हलवली. पायरी निघाली, दाराशेजारच्या भिंतीत बसली, कड जरा बाहेर ठेवून. पडणं थांबलं. ते पाटीमुळे थांबलं, असं मंडळाने एकमताने मानलं. चहा काही परत सुरू झाला नाही. आत्याबाई मात्र शेवटपर्यंत आपल्या पायांनी जात राहिल्या.

तुमच्या त्या निवासात मी जाईन; आधी तिथली माणसं दारातून कशी जातात ते बघून येते.

जालन्यातलं ते घर केव्हाच बंद झालं. तिथे आता मिरचीचं गोदाम आहे. तो दगड मात्र अजून भिंतीत आहे.